रेव्हिटमध्ये दार-खिडक्यांची ट्रिम: चौकटीला न चिकटवता सुटी कशी ठेवायची

सॅम्पल फ्लॅट बघून झाला की हमखास निरोप येतो: दाराभोवतीची ती नक्षीची पट्टी नको, साधी चपटी दाखवा. आठ दिवसांनी पुन्हा: बेडरूमला साधी ठेवा, पण मेन डोअरला जरा भारी काहीतरी हवं. साइटवर सुताराला हे सांगायला दोन मिनिटं लागतात. रेव्हिट या ऑटोडेस्कच्या इमारत-मॉडेलिंग सॉफ्टवेअरमध्ये मात्र पट्टी दाराच्या फॅमिलीतच, म्हणजे दाराच्या साच्याच्या फाइलमध्येच, कोरून ठेवली असेल, तर प्रत्येक निरोपाला एक नवी दार-फाइल जन्माला येते. महिन्याभरात प्रोजेक्ट ब्राउझरमध्ये 'डोअर फायनल', 'डोअर फायनल नवं', 'डोअर फायनल नवं साधी पट्टी' अशी रांग लागते आणि कोणतं दार कुठे वापरलंय ते कुणालाच सांगता येत नाही.

यातून सुटायचा मार्ग सरळ आहे. ट्रिम, म्हणजे दाराभोवतीची ही पट्टी, दारात काढायचीच नाही. तिची वेगळी फॅमिली करायची, ती दाराच्या आत बसवायची आणि दाराने तिला फक्त मापं पुरवायची. मग पट्टी बदलणं म्हणजे यादीतून दुसरं नाव निवडणं. हे कसं करायचं ते इथे क्रमाने लिहितो. रेव्हिटमध्ये भिंती काढता येतात, तयार दारं बसवता येतात, पण फॅमिली एडिटर कधी उघडलेला नाही, अशांना डोळ्यांसमोर ठेवलं आहे. सॉफ्टवेअर नसेल आणि तुम्ही विद्यार्थी असाल, तर ऑटोडेस्ककडून शिक्षणासाठीचं लायसन्स एका वर्षासाठी मोफत मिळतं आणि पात्र असाल तोवर दरवर्षी वाढवून घेता येतं.

एक खुलासा. पॅरामीटरची, म्हणजे बदलता येणाऱ्या मापांची आणि निवडींची, नावं मी इथे मराठीत लिहिली आहेत, म्हणजे वाचताना अर्थ लागेल. फाइलमध्ये ती तुमच्या ऑफिसच्या रिवाजाप्रमाणे रोमन लिपीत ठेवा. नावात वजाबाकीचं चिन्ह घालू नका, कारण फॉर्म्युल्यात रेव्हिट ते खरंच वजाबाकी समजतं. लहान-मोठी अक्षरंही जशीच्या तशी जुळावी लागतात.

आधी कागद, मग माउस

फॅमिली एडिटर उघडण्याआधी दाराचा एक आडवा छेद कागदावर काढा. भिंत, प्लास्टर, चौकट, पल्ला, पट्टी. मग यातलं काय बदलणार आणि काय नाही ते ठरवा.

पहिला प्रश्न: 'रुंदी' म्हणजे नक्की कुठली रुंदी? भिंतीतलं ओपनिंग, चौकटीच्या आतली मोकळी जागा की पल्ल्याचं माप? शेड्यूलमध्ये, म्हणजे दारांच्या तक्त्यात, 900 × 2100 लिहिलं की गवंडी ते ओपनिंगचं धरतो आणि दारवाला कधी कधी पल्ल्याचं. ऑफिसात काय पद्धत आहे ते विचारून घ्या आणि मग त्यावर ठाम राहा. इथे मी रुंदी आणि उंची ही भिंतीतल्या ओपनिंगची मापं धरली आहेत.

दुसरा प्रश्न: पट्टी चौकटीवर किती चढणार? आर्किट्रेव्ह, म्हणजे हीच पट्टी, असते ती मुळात चौकट आणि प्लास्टर यांच्यामधला सांधा झाकायला. त्या सांध्यात पुढेमागे चीर पडतेच. चौकटीची जाडी 60 मिमी आहे आणि तिची आतल्या कडेकडची 10 मिमी उघडी ठेवायची आहे असं धरा. म्हणजे पट्टी चौकटीवर 50 मिमी चढते. पट्टी 60 मिमी रुंद असेल तर प्लास्टरवर उरते फक्त 10 मिमी. सांधा झाकायला हे जेमतेम आहे. 80 ची पट्टी घेतली तर 30 मिमी मिळतात. हा हिशोब कागदावर झाला की सॉफ्टवेअरमध्ये फक्त तो लिहायचा असतो.

तिसरा प्रश्न भिंतीच्या जाडीचा, आणि नवखे लोक बहुतेक इथेच अडकतात. 115 ची वीटभिंत दोन्हीकडच्या प्लास्टरसह साधारण 140 भरते. तिथे चौकट भिंतीच्या जाडीइतकी करता येते आणि पट्टी दोन्ही बाजूंना बसते. 230 च्या भिंतीत 100 किंवा 125 ची चौकट एका बाजूला सपाट लावतात, दुसऱ्या बाजूला भिंतीची जाडी उघडी राहते आणि तिथे प्लास्टर वळवलेलं असतं. त्या बाजूला पट्टी लावायला चौकटच नसते. बाथरूमच्या आतल्या बाजूला डॅडोची टाइल चौकटीला भिडते, तिथेही पट्टी नाही. म्हणजे बाहेरची आणि आतली ट्रिम स्वतंत्र हवी आणि प्रत्येक बाजू बंद करायची सोय हवी.

पट्टीचा छेद: प्रोफाइल फॅमिली

फाइल, न्यू, फॅमिली. टेम्प्लेटांच्या यादीतून 'मेट्रिक प्रोफाइल' निवडा. समोर दोन रेफरन्स प्लेन (मापं बांधायला लागणाऱ्या मदत-रेषा) एकमेकांना छेदताना दिसतील. हा छेदबिंदू म्हणजे पट्टीचा आतला, भिंतीला टेकलेला कोपरा असं मनाशी ठरवून टाका. पुढच्या प्रत्येक प्रोफाइलला हाच नियम. एक प्रोफाइल कोपऱ्यातून आणि दुसरं मधोमध काढलं, की अदलाबदल करताना पट्टी निम्मी सरकते.

छेदबिंदूच्या उजवीकडे 60 वर एक उभी आणि वर 12 वर एक आडवी रेफरन्स प्लेन काढा. दोन्हींना डायमेन्शन द्या आणि डायमेन्शन निवडून वरच्या 'लेबल'मधून 'पट्टीरुंदी' आणि 'पट्टीजाडी' असे पॅरामीटर लावा. मग या चौकोनात बंद आकृती काढा आणि कडांना प्लेनशी कुलूप लावा. साध्या चपट्या पट्टीला एवढं पुरे.

नक्षीची पट्टी करायची तर हात आवरा. आठ वळणांचं मोल्डिंग 1:50 च्या ड्रॉइंगमध्ये जाड काळी रेघ म्हणून छापलं जातं, आणि दोनशे फ्लॅटच्या इमारतीत प्रत्येक दाराला दोन्ही बाजूंनी ते वळवत बसताना मॉडेल हळू होतं ते वेगळंच. एक मोठी गोलाई आणि एक पायरी, एवढ्यात मोल्डिंग ओळखू येतं. खरा छेद सुताराला डिटेल ड्रॉइंगमध्ये द्या.

ट्रिमची फॅमिली: जमिनीवर आडवी

आता 'मेट्रिक जेनेरिक मॉडेल' टेम्प्लेट घ्या. सगळ्यात आधी 'फॅमिली कॅटेगरी अँड पॅरामीटर्स' उघडा, 'वर्क प्लेन बेस्ड'वर खूण करा आणि 'ऑलवेज व्हर्टिकल'ची खूण काढा. 'शेअर्ड'ला हात लावू नका.

यामुळे काय होतं? ही फॅमिली भिंतीच्या कोणत्याही तोंडावर स्टिकरसारखी चिकटवता येते. म्हणून ती उभी न काढता प्लॅनमध्ये, जमिनीवर आडवी काढायची. जमीन म्हणजे भिंतीचं तोंड आणि वरची दिशा म्हणजे खोलीकडची. दारालाही तीच फॅमिली चालते आणि खिडकीलाही. ट्रिम उभी काढली तर दारात जमून जातं, पण खिडकीत सिलच्या (खिडकीच्या तळाच्या) उंचीशी बांधताना नाकी नऊ येतात.

प्लॅनमध्ये दोन मध्य-प्लेन तयार असतातच. उभी प्लेन दाराचा मध्य, आडवी प्लेन दाराचा तळ. मध्याच्या दोन्हीकडे डावी आणि उजवी प्लेन काढा. तिन्हींना एक सलग डायमेन्शन देऊन 'इक्यू' दाबा, म्हणजे दोन्हीकडे सारखं अंतर राहील. मग डावी ते उजवी वेगळं डायमेन्शन देऊन 'आतलीरुंदी' लेबल लावा. वर एक आडवी प्लेन काढून तळापासून 'आतलीउंची'. दोन्ही पॅरामीटर करताना 'इन्स्टन्स' (प्रत्येक नगाला स्वतंत्र किंमत) निवडा, 'टाइप' (त्या प्रकारच्या सगळ्या नगांना एकच किंमत) नाही. याचं कारण पुढे येईल, पण हे विसरलात तर अख्खी खटपट वाया जाते, म्हणून आत्ताच ठळक सांगतो.

तिन्ही नव्या प्लेनना नावं द्या आणि प्रॉपर्टीजमधल्या 'इज रेफरन्स'मध्ये डाव्या प्लेनला 'लेफ्ट', उजवीला 'राइट' आणि वरच्या प्लेनला 'बॅक' द्या. प्लॅनमध्ये काढत असल्यामुळे वरची कड रेव्हिटच्या दृष्टीने मागची कड आहे. नाव काय हे तितकं महत्त्वाचं नाही. सगळ्या ट्रिम फॅमिलींत ते एकच असणं महत्त्वाचं.

आता प्रोफाइल या फॅमिलीत लोड करा. 'क्रिएट', 'स्वीप', 'स्केच पाथ'. स्वीप म्हणजे छेद एका वाटेने (पाथ) फिरवून केलेला आकार. डाव्या प्लेनवर तळापासून वर, मग आडवी, मग उजवीकडून खाली अशा तीन रेघा. 'पिक लाइन्स' वापरून वर ऑप्शन्स बारवर 'लॉक'ला खूण केलीत तर रेघा प्लेनशी आपोआप बांधल्या जातात. खालची दोन टोकं तळाच्या प्लेनशी अलाइन करून कुलूप लावा. पाथ संपवा, प्रोफाइल निवडा, स्वीप संपवा.

पहिल्या झटक्यात पट्टी आतल्या बाजूला किंवा जमिनीखाली गेलेली दिसली तर घाबरू नका, तसं होतंच. स्वीप निवडा, प्रॉपर्टीजमध्ये 'प्रोफाइल इज फ्लिप्ड'ला खूण करा. तरी चुकीच्या दिशेला असेल तर 'अँगल' 90 किंवा 180 करून बघा. अखेर पट्टी पाथच्या बाहेरच्या अंगाला आणि जमिनीच्या वर हवी.

राहिली पट्टीची रुंदी-जाडी. प्रोजेक्ट ब्राउझरमध्ये फॅमिलीज, प्रोफाइल्स, तुमच्या प्रोफाइलचा टाइप, त्यावर उजवी क्लिक, 'टाइप प्रॉपर्टीज'. प्रत्येक मापासमोर एक बारीक चौकोनी बटण आहे. तेच 'असोसिएट फॅमिली पॅरामीटर'. ते दाबून ट्रिममधल्या नव्या 'पट्टीरुंदी' आणि 'पट्टीजाडी'शी जोडा. हेही इन्स्टन्सच. या पूर्ण लेखात सगळ्यात जास्त वेळा दाबायचं बटण हेच.

फॅमिली सेव्ह करण्याआधी तिला ताणून बघा. 'फॅमिली टाइप्स' उघडून आतली रुंदी 600 करा, 'अप्लाय'; 1500 करा, 'अप्लाय'. उंचीचंही तसंच. कोपरे सुटले किंवा 'कन्स्ट्रेन्ट्स आर नॉट सॅटिस्फाइड' असा निरोप आला तर कुठेतरी कुलूप राहिलंय किंवा दोनदा लागलंय. इथे दुरुस्त करायला पाच मिनिटं लागतात. हीच फॅमिली दारात आणि दार प्रोजेक्टमध्ये गेल्यावर चूक नक्की कुठल्या थरात आहे ते शोधण्यात अर्धा दिवस जातो.

दाराची फॅमिली

'मेट्रिक डोअर' टेम्प्लेट उघडा. त्यात भिंत, ओपनिंग आणि ओपनिंगभोवती दोन्हीकडे एक साधी चौकटवजा पट्टी तयार असते. ती पट्टी दोन्हीकडची पुसून टाका. तिच्यासोबत आलेले फ्रेम प्रोजेक्शनचे पॅरामीटरही नको असतील तर काढा, नाहीतर पुढे कुणीतरी ते बदलत बसेल आणि काहीच का हलत नाही म्हणून विचारत येईल.

प्लॅनमध्ये भिंतीच्या बाहेरच्या आणि आतल्या तोंडावर एकेक रेफरन्स प्लेन हवी. नसेल तर काढा, 'अलाइन'ने भिंतीच्या तोंडाशी बांधा, कुलूप लावा, नाव द्या: 'बाहेरचंतोंड', 'आतलंतोंड'. नाव नसलेली प्लेन पुढे वर्क प्लेनच्या यादीत सापडत नाही.

चौकट दारातच काढली तरी चालेल, कारण ती सहसा बदलत नाही. एलिव्हेशनमध्ये उलट्या यू आकाराचं एक्स्ट्रूजन (आकृती सरळ ओढून केलेला ठोकळा) काढा, बाहेरच्या कडा ओपनिंगशी आणि आतल्या कडा 'चौकटजाडी' लेबल लावलेल्या प्लेनशी बांधा. खोलीसाठी प्लॅनमध्ये एका तोंडापासून 'चौकटखोली' अंतरावर आणखी एक प्लेन. पल्ला बसायची खाच मॉडेलमध्ये काढायची की नाही हा आवडीचा भाग आहे. मी 1:20 च्या आत जाणाऱ्या ड्रॉइंगसाठीच काढतो.

आता 'फॅमिली टाइप्स'मध्ये आधी चौकटीच्या उघड्या राहणाऱ्या कडेसाठी 'उघडीकड' हा पॅरामीटर करा, मग आणखी दोन, फॉर्म्युल्यासह:

ट्रिमरुंदी = रुंदी − 2 × (चौकटजाडी − उघडीकड)

ट्रिमउंची = उंची − (चौकटजाडी − उघडीकड)

900 × 2100 च्या ओपनिंगला, 60 ची चौकट आणि 10 ची उघडी कड धरून, ट्रिमरुंदी 800 आणि ट्रिमउंची 2050 यायला हवी. आली नाही तर कंस तपासा.

मग ट्रिम फॅमिली लोड करा. बाहेरचं एलिव्हेशन उघडा, 'सेट' दाबून नावाने 'बाहेरचंतोंड' ही वर्क प्लेन निवडा. 'कंपोनंट', 'प्लेस ऑन वर्क प्लेन', आणि ट्रिम दाराशेजारी कुठेही ठेवा. 'अलाइन' घ्या: आधी दाराचा मध्य-प्लेन, मग ट्रिमचा मध्य-प्लेन, कुलूप. आधी जमिनीची लेव्हल, मग ट्रिमचा तळ, कुलूप. हवी ती प्लेन पकडली जात नसेल तर टॅब दाबत राहा. 3डी मध्ये बघा. ट्रिम भिंतीत गाडली गेली असेल तर ती निवडल्यावर दिसणारा वर्क प्लेन उलटवण्याचा बाण दाबा. आतल्या तोंडावर हेच सगळं पुन्हा करा. बाहेरची कॉपी करून आणण्यापेक्षा नव्याने ठेवणं बरं.

ट्रिम निवडून प्रॉपर्टीजमध्ये आतलीरुंदी दाराच्या ट्रिमरुंदीशी आणि आतलीउंची ट्रिमउंचीशी, त्याच बारीक बटणाने जोडा. पट्टीरुंदी आणि पट्टीजाडीसाठी दारात नवे पॅरामीटर करून तेही जोडा. 'व्हिजिबल'समोरच्या बटणाने बाहेरच्या ट्रिमला 'बाहेरट्रिम' आणि आतल्या ट्रिमला 'आतट्रिम' असे हो-नाही पॅरामीटर द्या. 'ऑफसेट फ्रॉम होस्ट'लाही एक पॅरामीटर द्या. काही ऑफिसांत टाइलचा थर वेगळी पातळ भिंत म्हणून काढून मूळ भिंतीला जॉइन करतात. दाराचं ओपनिंग त्या थरातूनही आरपार जातं, पण ट्रिम मूळ भिंतीच्या तोंडावरच राहून टाइलखाली गडप होते. तेव्हा टाइलच्या जाडीइतका ऑफसेट दिला की ती वर येते.

'व्हिजिबल' बंद केल्यावरही फॅमिली एडिटरमध्ये ट्रिम फिकट दिसतच राहते. बिघाड नाही तो, प्रोजेक्टमध्ये ती नाहीशी होते. आणि ट्रिम लपवायला जाडी शून्य करायचा शॉर्टकट घेऊ नका. मिलिमीटरपेक्षाही बारीक रेघ रेव्हिटला काढता येत नाही, ते चूक दाखवून थांबतं.

अदलाबदलीची चावी

बाहेरची ट्रिम निवडा. वर रिबनमध्ये 'लेबल' दिसेल. तिथून नवा पॅरामीटर जोडा: 'बाहेरट्रिमप्रकार'. तो 'फॅमिली टाइप' जातीचा आणि जेनेरिक मॉडेल कॅटेगरीचा होतो. आतल्या ट्रिमला 'आतट्रिमप्रकार'. आता फॅमिली टाइप्समध्ये या नावांसमोर यादी उघडते, आणि त्यात या दारात लोड केलेली प्रत्येक जेनेरिक मॉडेल फॅमिली दिसते.

प्रत्येक म्हणजे प्रत्येक. हँडल किंवा कडी-कोयंडाही जेनेरिक मॉडेल म्हणून आत घातला असेल तर तोही ट्रिमच्या यादीत येतो, आणि कुणीतरी एक दिवस दाराभोवती भलामोठा कडी-कोयंडा बसवून ठेवतो. हार्डवेअरची कॅटेगरी वेगळी ठेवा.

दुसरी ट्रिम कशी करायची? कोऱ्या टेम्प्लेटपासून मुळीच नाही. पहिली ट्रिम उघडा, 'सेव्ह अ‍ॅज', नवं नाव, आणि फक्त आतला आकार बदला. अदलाबदल होताना दाराने लावलेली कुलपं आणि जोडलेली मापं दोन गोष्टींच्या भरवशावर टिकतात: पॅरामीटरची नावं तीच, आणि रेफरन्स प्लेनांचं 'इज रेफरन्स' तेच. मापं टाइप पॅरामीटर असती तर जोडणी त्या एकाच टाइपपुरती झाली असती आणि नवी ट्रिम आपल्या मूळ मापात हट्टाने बसली असती. इन्स्टन्सचा आग्रह त्यासाठी होता. नव्या ट्रिमला एखादं माप लागत नसेल तरी तो पॅरामीटर काढू नका, पडून राहू दे.

यात खरी मजा आहे ती वरच्या आडव्या तुकड्याची. स्वीप कोपऱ्यात आपोआप 45 अंशांचा जोड करतो. पण आडवी पट्टी दोन्ही उभ्यांच्या डोक्यावर सरळ बसवलेली हवी असेल, तर स्वीप सोडून तीन एक्स्ट्रूजन करा. जुन्या वाड्यांच्या धाटणीचं मेन डोअर मागणारे क्लायंट पुण्यात काही कमी नाहीत. त्यांच्यासाठी अशाच ट्रिमचा एक प्रकार करता येतो: उभ्या पट्ट्या रुंद, वरचा तुकडा जाड आणि दोन्हीकडे थोडा बाहेर आलेला, त्याच्या मधोमध गणेशपट्टी. मूर्ती मॉडेल करू नका. मध्याच्या प्लेनला बांधलेला एक चौकोनी ठोकळा ठेवा, दार रुंद झालं तरी तो बरोबर मध्ये राहील. कोरीवकाम कारागिराच्या हातचं आहे, रेंडरमध्ये मटेरियलवरच्या चित्राने भागतं.

गोव्याच्या जुन्या घरांचं काम करणाऱ्यांना हाच मार्ग खिडक्यांसाठी उपयोगी पडेल. रंगीत भिंतीवर खिडकीभोवती उठून दिसणारा तो पांढरा पट्टा लाकडाचा नसून बहुधा गिलाव्याचा असतो, पण रेव्हिटला त्याने फरक पडत नाही. चपटं प्रोफाइल, रुंदी जास्त, जाडी कमी, मटेरियल वेगळं. फक्त कमानीच्या खिडकीला ही चौकोनी ट्रिम ओढूनताणून बसवू नका. तिथे ओपनिंगच वेगळं असतं, तेव्हा खिडकीची फॅमिलीही वेगळी करा आणि तिच्यापुरत्या कमानदार ट्रिम वेगळ्या ठेवा. एकाच फॅमिलीत जगातली सगळी दारं-खिडक्या कोंबायचा मोह बऱ्याच जणांना होतो. अशी फॅमिली बनवणाऱ्याशिवाय कुणालाच वापरता येत नाही.

खिडकीत काय वेगळं

क्रम तोच, टेम्प्लेट 'मेट्रिक विंडो'. ट्रिम चारही बाजूंनी असेल तर पाथ बंद चौकोन होतो आणि उंचीतून दोन्हीकडची कपात करावी लागते: उंची − 2 × (चौकटजाडी − उघडीकड). ट्रिमचा तळ थेट सिलच्या प्लेनला बांधायचा नाही. सिलच्या वर (चौकटजाडी − उघडीकड) इतक्या अंतरावर एक नवी प्लेन काढून तिला बांधायचा.

मुंबई-पुण्याच्या इमारतींत मात्र लाकडी पट्टीपेक्षा ग्रॅनाइटची चौकट जास्त दिसते: ओपनिंगच्या आत चारही बाजूंनी साधारण 18 मिमीचा दगड आणि त्यात अ‍ॅल्युमिनियमची स्लायडिंग. इथे चौकटजाडी म्हणजे दगडाची जाडी. खालचा दगड बाहेर पुढे येतो आणि त्याच्या पोटाला पाणी तोडणारी खाच असते. हा सिलचा तुकडा ट्रिममध्ये मिसळू नका, त्याची तिसरी वेगळी फॅमिली करा: लांबी, पुढे आलेला भाग, जाडी. दगडवाला सिल वेगळं मोजतो, तेव्हा तुमच्याकडेही ते वेगळं हवं.

टाइप की इन्स्टन्स

ट्रिमच्या आत सगळं इन्स्टन्स होतं, पण दारात तसं करू नका. माझी पद्धत अशी: रुंदी, उंची, चौकट, ट्रिमचा प्रकार हे सगळं टाइप. शेड्यूलमधला डी1 हा दाराचा एक प्रकार; डी1 म्हणजे डी1, त्याची पट्टी प्रत्येक मजल्यावर वेगळी असायचं कारण नाही. बाहेरट्रिम, आतट्रिम आणि ऑफसेट हे तिन्ही इन्स्टन्स, कारण तेच दार एका खोलीत टाइलच्या भिंतीत बसतं आणि दुसरीकडे प्लास्टरच्या. ट्रिमचा प्रकारही इन्स्टन्स केलात तर क्लायंटचा बदल आल्यावर दारं एकेक करून शोधत फिरावं लागेल.

प्रोजेक्टमध्ये नेण्याआधी दारातच शेवटची ताणाताणी करा. 750, 900 आणि 1200 रुंदी. 2100 आणि 2400 उंची. टेम्प्लेटमधल्या भिंतीची जाडी बदलून 115 आणि 230. आणि प्रत्येक वेळी ट्रिमचे सगळे प्रकार फिरवून. 230 च्या भिंतीत ट्रिम तोंडावर आणि चौकट आत, मध्ये पोकळी, असं दिसलं तर ते मॉडेलचं चुकलेलं नाही. त्या बाजूची ट्रिम बंद करायची आहे, एवढाच त्याचा अर्थ.

सुताराच्या भाषेत: रनिंग फूट

एवढं केल्यावर एक गोष्ट जवळजवळ फुकटात मिळते. सुतार पट्टीचा भाव रनिंग फुटावर सांगतो. दारात एक पॅरामीटर करा:

पट्टीलांबी = (ट्रिमरुंदी + 2 × पट्टीरुंदी) + 2 × (ट्रिमउंची + पट्टीरुंदी)

आपल्या 900 च्या दाराला, 60 च्या पट्टीने, एका बाजूची लांबी येते 920 + 4220, म्हणजे 5140 मिमी. साधारण 17 रनिंग फूट. हा पॅरामीटर शेड्यूलमध्ये यायला हवा असेल तर तो शेअर्ड पॅरामीटर म्हणून करा, साधा फॅमिली पॅरामीटर शेड्यूलमध्ये दिसत नाही. बाहेरट्रिम-आतट्रिम इन्स्टन्स असल्यामुळे त्यांच्यावर 'इफ' लावून लांबी काढायची तर पट्टीलांबीही इन्स्टन्स करावी लागेल. वाया जाणारे तुकडे यात धरलेले नाहीत. ते सुताराशी बोलून वर धरा.

लोड करताना

ट्रिममध्ये दुरुस्ती केली की ती आधी दारात, मग दार प्रोजेक्टमध्ये लोड करावं लागतं. ट्रिम थेट प्रोजेक्टमध्ये लोड करून दार बदलेल अशी वाट बघू नका. लोड करताना रेव्हिट दोन पर्याय विचारतं: फक्त फॅमिली बदलायची, की पॅरामीटरच्या किमतीही. दुसरा पर्याय निवडलात तर प्रोजेक्टमध्ये कुणी डी1 ची रुंदी दुरुस्त केलेली असेल ती मुकाट्याने जुन्या आकड्यावर जाते. शंका असेल तर पहिला.

भारी मोल्डिंगसाठी ट्रिमच्या फॅमिलीतच स्वीप निवडून 'व्हिजिबिलिटी सेटिंग्ज'मध्ये 'कोर्स'ची (कमी तपशिलाच्या दृश्याची) खूण काढून टाका आणि त्याच जागी एक साधं एक्स्ट्रूजन फक्त 'कोर्स'साठी ठेवा. 1:100 च्या प्लॅनना तेवढं बास.

आणि फाइल कुठल्या आवृत्तीत करताय तेवढं आधी बघा. नव्या रेव्हिटमध्ये सेव्ह केलेली फॅमिली जुन्यात उघडत नाही, मागे सेव्ह करायची सोयही नाही. घरच्या लॅपटॉपवर नवं आणि ऑफिसात जुनं असेल तर लायब्ररी जुन्यातच बनवा. ट्रिमच्या, प्रोफाइलच्या आणि दाराच्या फाइल्स वेगवेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. नावाच्या शेवटी 0001, 0002 लागलेल्या फाइल्स दिसतील, त्या रेव्हिटने स्वतः ठेवलेल्या जुन्या प्रती असतात. सर्व्हरवर लायब्ररी चढवताना त्या वगळा.